‘अननोन’च्या जागी आलेलं नाव

या सदरात मी आजवर फक्त वाचक होते. वाचायचं, आणि खरं सांगायचं तर हसायचं. पिंपळावरची बाई, विहिरीतला आवाज, हायवेवर लिफ्ट मागणारा पांढऱ्या कपड्यातला माणूस... कुणाला राग येऊ नये, पण मला यातलं काहीच कधी पटलं नाही. पटणार कसं? आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले टाक-देव गोणपाटात बांधून तेरणा नदीत सोडून दिले. भूतखेत विचारलं की म्हणायचे, “देवच ऱ्हायला न्हाय, मग भूत एकटं काय करंल घरात?” अशा घरात मी वाढले. त्यात बी.एस्सी., तेही फिजिक्स घेऊन. आमच्या खानदानातली पहिली ग्रॅज्युएट मी. सध्या धाराशिवला एका शाळेत विज्ञान शिकवते. पाण्यानं दिवा पेटवणं, नारळातून फुलं काढणं, असले ‘चमत्कार’ करून दाखवायचे आणि मग त्यामागचं कारण फळ्यावर लिहायचं, हा माझा दरवर्षीचा आवडता तास.

आणि आता मीच असं काहीतरी लिहायला बसलेय, ज्याचं कारण मला फळ्यावर लिहिता येत नाही.

आधी घरचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचं गाव तेरच्या अलीकडं, नदीच्या काठानं. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. दोन खणांचं पत्र्याचं घर, पावसाळ्यात भांडी गळतीखाली आणि आम्ही भांड्यांच्या मधोमध. दिवाळी झाली की अर्धी वस्ती ऊसतोडीला जायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, अर्धा कोयता होते, कारण मी शाळेत जायला लागल्यावर मायनं तोडीला जायचं बंद केलं. पोरीला घेऊन फडात गेलं की शाळा सुटते, हे तिनं आजूबाजूला बघितलं होतं. मुकादम दारात येऊन सगळ्यांसमोर म्हणायचा, “काय रं, बायकू सांभाळती का तू तिला सांभाळतूस? का उगं अर्धाच येतूस दरसाल?” दादा खाली बघायचे. माय आतून उत्तर द्यायची, “अर्धाच येऊ द्या. बाकीचा अर्धा हितं दुसरीत हाय.”

म्हणजे मी दुसरीत होते.

मग माय वर्षभर गावातच दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. खुरपणीत बायका ओळीनं बसतात, प्रत्येकीची एक पात. ऊन डोक्यावर आलं की पाती हलत नाहीत, मग कुणीतरी गाणं काढायचं. आमच्या टोळीत ते काम मायचं. एक ओळ ती म्हणायची आणि बाकीच्या उचलायच्या. ठरवून काही नसायचं. काल घरात झालेलं भांडण, सोयाबीनवर पडलेली अळी, कुणाची सासू — सगळं गाण्यात यायचं. त्यातलं एक गाणं मात्र टिकलं. माझ्यावरच होतं ते.

खुरप्याच्या पात्यानं काढलं तण गं,
लेकीच्या पाटीवर पिकलं धन गं

बांधाच्या कडंला ठिवली भाकर,
लेकीनं वाचलं पहिलं आखर

हे मी शाळा सुटल्यावर बांधावर बसून ऐकलंय. कसं वाढत गेलं तेही बघितलंय. एक ओळ जमली नाही की माय दोन-तीन दिवस ती तोंडात घोळवायची, भाकरी थापतानासुद्धा. लिहायचं कसं? तिला तेव्हा येत नव्हतं. माझ्या पहिलीच्या पुस्तकावर बोट ठेवत ती माझ्याबरोबर अक्षरं शिकली. पुढं माझा वेग वाढला आणि ती तिथंच राहिली. पण दुकानाची पाटी, एस.टी.चा बोर्ड, एवढं ती सावकाश लावून वाचते.

मी बारावीत असतानाची गोष्ट. जयंतीला आमच्या वस्तीत तेरहून गायन पार्टी आली होती, रतन कवींची. त्यांचं आमच्या भागात मोठं नाव. पेटी, ढोलकी, मागं चार कोरसवाले. संध्याकाळची वेळ, मंडपात माय बायकांच्या घोळक्यात बसलेली, मी तिला खेटून. आणि रतन कवींनी पेटीवर सूर धरून सुरू केलं — खुरप्याच्या पात्यानं काढलं तण गं...

खुरपणीच्या सगळ्या बायकांनी एकदम मायकडं बघितलं. मला तर वाटलं, आता हे नाव घेणार! आमच्याकडं गाण्याचा एक नियम असतो. शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं. नाव आलं की ऐकणाऱ्याला कळतं गाणं कुणाचं. शेवटचं कडवं आलं —

कवी रतन सांगे, ऐका हो जन गं,
लेकीच्या पाटीवर पिकलं धन गं

टाळ्या पडल्या. मी ताडकन उभी राहिले. मायनं ओढणी धरून मला खाली बसवलं.

“माय, ते तुझं गाणंय!”

“बस खाली. लोकं बघायलेत.”

“बघू देत की! त्यांनी स्वतःचं नाव घातलंय!”

“मग काय झालं? गाणं काय कुणाच्या सातबाऱ्यावर असतंय व्हय? म्हणंल त्येचं.”

असं ती म्हणाली. पण त्या दिवसानंतर ते गाणं तिनं खुरपताना कधी काढलं नाही. बायका म्हणायच्या, म्हण की गं विमल, तर म्हणायची, “आता ते रतन कवीचं हाय, आपून दुसरं म्हणू.” विमल हे माझ्या आईचं नाव. आधारवर विमल, रेशनकार्डावर विमल, माझ्या दाखल्यावर आईचं नाव — विमल.

मला ते फार खुपायचं. आमच्या घरात मायच्या डोक्यातून निघालेली, गावाबाहेर गेलेली ती एकच गोष्ट होती. बाकी तिचे सगळे श्रम, दुसऱ्याच्या रानात जिरलेले. आणि ती एक गोष्टसुद्धा दुसऱ्याच्या नावानं फिरत होती. ते गाणं लग्नात वाजायचं, वरातीत वाजायचं, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एका मुलीनं म्हटलं. मी तिला सांगितलं, हे माझ्या आईचं गाणं आहे. ती म्हणाली, “अगं, शेवटी रतन कवीचं नाव आहे ना.” संपला विषय.

पुढं मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, नोकरी लागली. दादा मध्येच गेले, त्यांनी हे बघितलं नाही. मायला मी धाराशिवला घेऊन आले. आणि गेल्या वर्षी गाडी घेतली. सेकंडहँड आहे, छोटी आहे, पण माझ्या नावावर आहे आणि मीच चालवते. गाडी पहिल्यांदा वस्तीत नेली तेव्हा सगळी बायामाणसं गोळा झाली. शेजारची गयाकाकू म्हणाली, “विमल, आता काय गाडीत बसून खुरपायला जाती काय?”

माय म्हणाली, “जाईन की. खुरपं ठिवायला मागं डिक्की हाय.”

गाडीत तिला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर प्लेअर. कंपनीचाच आहे, डॅशबोर्डमध्ये बसवलेला. पेनड्राईव्ह लावायचा, बटणं दाबायची. छोटी पट्टीसारखी स्क्रीन, निळसर उजेडाची. वरच्या ओळीत गाण्याचं नाव, खालच्या ओळीत गाणाऱ्याचं. बसस्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानातून मी पेनड्राईव्ह भरून आणला — भीमगीतं, जुनी गायन पार्ट्यांची रेकॉर्डिंगं, थोडी लोकगीतं. माय दोन दिवसांत तयार झाली. हे पुढचं, हे मागचं, हे बारीक-मोठं. मी गिअर टाकते आणि ती गाणं बदलते, असं आमचं कामाचं वाटप.

एक अडचण होती. त्या प्लेअरला मराठी अक्षरं येत नाहीत. इंग्रजीत नाव असलं तर नीट दिसतं, मराठी असलं की नुसते चौकोन, एकाशेजारी एक. माय म्हणायची, “हे काय गं डबेच डबे? काय लिव्हलंय त्येनी?” आणि खालच्या ओळीत, गाणाऱ्याच्या जागी, जवळजवळ प्रत्येक गाण्याला इंग्रजीत ‘अननोन’. तिनं विचारलं, याचा अर्थ काय. मी म्हटलं, माहीत नाही असा. कोण गातंय ते गाडीला माहीत नाही.

“एवढी शिकल्याली गाडी आन तिलाबी ठाव न्हाय?”

पेनड्राईव्हवर ते गाणंही होतं. रतन कवींच्या पार्टीचं, कुठल्याशा कार्यक्रमातलं. पहिल्यांदा लागलं तेव्हा मी मायकडं बघितलं. तिनं बोट उचललं आणि पुढचं दाबलं. नंतर प्रत्येक वेळी तेच. ढोलकीचा पहिला ठेका पडला की तिचं बोट बटणावर. मी पेनड्राईव्हवरून ते गाणं काढून टाकणार होते, राहून गेलं.

आता त्या दिवसाचं.

नळदुर्गला माझ्या मामाच्या नव्या घराची घरभरणी होती. रविवार. आम्ही धाराशिवहून सकाळचं सगळं आवरून निघालो. तुळजापूर मागं पडलं. लख्ख ऊन, रस्ता मोकळा, दोन्हीकडं तुरीचे पट्टे. मायच्या ओट्यात ओल्या भुईमुगाच्या शेंगा होत्या, सोलून दाणे एका डब्यात टाकत होती, मामाला आवडतात म्हणून. दोन्ही हात मातीनं भरलेले.

ते गाणं लागलं. मायनं बोट पुढं केलं, मातीचं बघून मागं घेतलं. “तू बदल,” म्हणाली. पुढं एक ट्रॅक्टर चालला होता, उसाच्या मोळ्या लादलेला, त्याला ओव्हरटेक करण्यात माझं लक्ष. म्हटलं, थांब जरा. तेवढ्यात गाणं पुढं गेलं. धृपद झालं, भाकरीचं कडवं झालं. माय शेंगा सोलायची थांबली होती. बऱ्याच वर्षांनी ती ते पूर्ण ऐकत होती.

आणि शेवटचं कडवं सुरू व्हायच्या जागी गाणं थांबलं.

बंद नाही पडलं. म्हणजे स्क्रीन चालू, वेळेचे आकडे गोठलेले, आवाज नाही. मला वाटलं पेनड्राईव्ह ढिला झाला. ट्रॅक्टर ओलांडला, गाडी डाव्या हाताला घेतली. तेवढ्यात माय बोलायला लागली. बोलणं नव्हतं ते, वाचणं होतं. माझ्याबरोबर पुस्तक वाचायची तशी, एकेक अक्षर सुटं सुटं —

“पं... च... फु... ला.”

मी स्क्रीनकडं बघितलं.

वरच्या ओळीत नेहमीचे चौकोन होते. खालच्या ओळीत, जिथं ‘अननोन’ असतं तिथं, मराठी अक्षरं होती. पंचफुला. अगदी स्वच्छ. फळ्यावर लिहावीत तशी, वरची रेघ एकसंध. मी ब्रेक दाबला आणि गाडी एका लिंबाखाली उभी केली. मागून तो ट्रॅक्टर हॉर्न वाजवत निघून गेला.

“हे काय? कोण पंचफुला?” मी म्हणाले.

माय स्क्रीनकडंच बघत होती. तिचा चेहरा मी कधी असा बघितला नव्हता. भीती म्हणावी तर भीती नाही.

“माय, कोण पंचफुला?”

“म्या,” ती म्हणाली.

मला कळेना. मोबाईल काढला, फोटो घ्यावा म्हणून. कॅमेरा उघडेपर्यंत आवाज आला, “कवी रतन सांगे...” आणि खाली पुन्हा ‘अननोन’. मी गाणं मागं घेऊन चारदा लावलं. एकदाही थांबलं नाही, एकदाही नाव आलं नाही.

लिंबाखाली बसून मायनं मला जे सांगितलं ते मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. तिचं जन्माचं नाव पंचफुला. लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हा घरात आधीच एक पंचफुला होती, दादांची चुलत बहीण. एका घरात दोन पंचफुला, हाक मारली की दोघी ओ देणार. म्हणून सासूनं लग्नातच नाव बदललं — विमल. ती चुलत आत्या पुढं लग्न होऊन लांब गेली, मी तिचं नावही कधी ऐकलं नव्हतं; पण मायचं जुनं नाव काही परत आलं नाही. माहेरी आई होती तोवर ती पंचफुला म्हणायची. आई माझ्या जन्माआधीच गेली. मामा धाकटा, तो पहिल्यापासून आक्का म्हणतो. म्हणजे त्या नावानं तिला हाक मारणारं जगात कुणी उरलं नव्हतं.

“मला कधी सांगितलं नाहीस?”

“कशाला सांगायचं? हाक मारणार व्हतीस का मला नावानं?”

“पण या गाडीला कुणी सांगितलं?”

“ते तू सांग. तू हायस की सायन्सची मास्तरीण.”

घरभरणीत माझं चित्त नव्हतं. मामाला बाजूला घेऊन सहज विचारावं तसं विचारलं, “मामा, माझ्या आईचं लग्नाआधीचं नाव काय होतं?” तो म्हणाला, “आक्काचं? विमलच की.” मग डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. “न्हाय... न्हाय. पंचफुला. आई म्हणायची, पंचफुले, चुलीवं ध्यान ठिव. तुला कुणी सांगितलं गं?” मी म्हटलं, आईनंच.

जेवणं झाली. परतीच्या वाटेवर तुळजापूर ओलांडलं आणि माय म्हणाली, “सुजे, घरी नगं. तेरला घे गाडी.”

“तेरला? कुणाकडं?”

“रतनदादाकडं.”

आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला कुठं जायचं ते सांगितलं होतं. मी का, कशाला, काही विचारलं नाही. सरळ तेर गाठलं. ऊन अजून उतरायचं होतं.

रतन कवी आता थकलेत. ओसरीवर बाजेवर बसले होते, पेटी शेजारीच, तिच्यावर पंचा टाकलेला. त्यांच्या मंडळी कौसाबाई आत भांडी घासत होत्या. जयभीम झालं, पाणी झालं. त्यांना वाटलं कार्यक्रमाचं आमंत्रण आहे.

माय म्हणाली, “दादा, तुमी ते खुरप्याचं गाणं म्हणता न्हवं? ते माझं हाय.”

ते हसले. “अवो बाई, चांगलं गाणं सगळ्यांनाच आपलं वाटतंय.”

“वाटत न्हाय. हाय. म्या केलंय ते, हिच्यावर.” असं म्हणून तिनं माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

रतन कवींचा चेहरा बदलला. “इतकी वर्सं म्हणतोय म्या. मंचावर म्हणलंय, लोकांनी मोबाईलवर घेतलंय. आज येऊन सांगता? पुरावा काय?”

मी तोंड उघडणार होते. मायनं हात दाबला. गाडीतलं ती काहीच बोलली नाही. पण आतून भांड्यांचा आवाज थांबला आणि कौसाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“पुरावा म्या हाय. काय बघता? एक साल म्या पाटलाच्या रानात खुरपायला यायची, तवा आमी एका टोळीत व्हतो. हिच्या शेजारची पात माझी. घरी येऊन म्याच म्हणून दाखिवलं तुमाला. तवाच सांगितलं व्हतं, वस्तीवरल्या विमलचं हाय म्हणून.”

“सांगितलं आसशील,” रतन कवी म्हणाले. मग बाजेवर सरसावून, “पर त्येला शेवटचं कडवं कुठं व्हतं? तूच म्हणालीस, हितंच संपतंय. नाव न्हाय त्ये गाणं बेवारस. मंचावर नाव घेतल्याबिगर कसं उतरायचं? लोक इचारत्यात, कवी कोन. म्या आपलं नाव घालून वाटंला लावलं. चोरी न्हाय केली, बाई. उघड्यावरलं उचललं.”

“त्ये खरं हाय,” माय म्हणाली. “नाव घालायचं आसतंय हेच मला ठाव न्हवतं. आमी खुरपताना कुठं नाव घालतो? पात संपली की गाणं संपतंय.”

कौसाबाई म्हणाल्या, “बघ, कवी व्हायला काय लागतंय ते! आधी बायकूला खुरपायला धाडायचं!”

रतन कवीसुद्धा हसले. मग गंभीर झाले. “आता काय करू म्हणता? म्हणायचं सोडू?”

“सोडू नगा. तुमचा गळा हाय म्हणून ते गावोगाव गेलं, त्ये म्या नाकारत न्हाय. तुमीच म्हणा. नाव तेवढं माझं घाला. आन विमल नगं. पंचफुला घाला.”

“ही पंचफुला कोन?” कौसाबाईंनी विचारलं.

“म्याच. विमल सासरी येऊन झाले. गाणी म्हणायला म्या आईकडं शिकलेय, तवा पंचफुलाच व्हते.”

रतन कवींनी ओसरीबाहेर, गल्लीकडं बघितलं. माणूस मानी, वय झालेलं, लोक काय म्हणतील याची धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. शेवटी त्यांनी पेटीवरचा पंचा काढला. “तुमचं कडवं म्हणा,” ते म्हणाले. “म्या तुमच्यासाठी कडवं करनार न्हाय. ज्येचं नाव त्येनं घालायचं.”

माय जमिनीकडं बघत बसली. ओठ हलत होते. भाकरी थापताना हलायचे तसे. मग खालच्या आवाजात, पण न अडखळता —

पंचफुला म्हणती, उचला मान गं,
लेकीच्या पाटीवर पिकलं धन गं

रतन कवींनी तीच ओळ पेटीवर दोनदा घोळवली. मान हलवली. म्हणाले, “माझ्यापरास चांगली बसली की, बाई.” मोठ्या मनाचा माणूस. मी त्यांच्याबद्दल मनात जे काही धरलं होतं ते त्या ओसरीवरच सोडून आले.

आता तुमच्या शंका. तुम्ही विचारण्याआधी मीच तपासलंय.

पेनड्राईव्ह शाळेच्या कॉम्प्युटरला लावला. त्या गाण्याच्या फाईलमध्ये गायकाची जागा कोरी आहे. मोबाईलच्या दुकानदाराला विचारलं, कुणी नाव घातलं होतं का? तो म्हणाला, “मॅडम, इथं गाणी भरायला वेळ पुरत नाही, नावं कोण घालत बसतंय?” मग मी स्वतः त्या जागी ‘पंचफुला’ असं लिहून पेनड्राईव्ह गाडीला लावला. स्क्रीनवर चौकोन आले. नुसते चौकोन. गाडी दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या मेकॅनिकनं प्लेअर बघून सांगितलं, यात मराठी अक्षरंच भरलेली नाहीत, दिसतील कशी? ब्लूटूथ बंद होता, दोघींचे फोन पर्समध्ये होते. गाडीचे आधीचे मालक सोलापूरचे, त्यांना फोन केला. त्यांच्या घरात पंचफुला नावाचं कधी कुणी नव्हतं.

राहिला भास. मला भास झाला म्हणावं, तर मला ते नाव माहीतच नव्हतं. जे डोक्यात नाही ते डोळ्यांना दिसेल कसं? मायला भास झाला म्हणावं, तर मी ते वाचलं कसं? एका भासात दोन माणसं बसत नाहीत, एवढं फिजिक्स मला येतं. आधी वाचलं ते तिनं, आणि मागून मी.

माय म्हणते, डोक्याला ताण देऊ नको. मी देते. माझा धंदाच तो आहे. अजून मी हे कुणाला देवाचं किंवा भुताचं म्हणून सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. कारण आहे, मला ते सापडलेलं नाही, इतकंच मी म्हणेन. कुणा वाचकाला सापडलं तर जरूर लिहा.

त्यानंतर आमच्या वस्तीतल्या विहारापुढच्या मंडपात दुपारचा कार्यक्रम झाला. रतन कवींची पार्टी आली. त्यांनी ते गाणं मुद्दाम शेवटी ठेवलं. सुरू करण्याआधी माईकवर म्हणाले, “हे गाणं म्या इतकी वर्सं माझ्या नावानं म्हणलं. ते माझं न्हाय. ज्या बाईचं हाय ती समोर बसलीया.” आणि शेवटच्या कडव्यात, भर मंडपात, पेटी-ढोलकीवर, कोरससकट माझ्या आईचं नाव आलं. गयाकाकूनं मागून कोपर मारून विचारलं, “विमल, ही पंचफुला कोन गं?” माय म्हणाली, “म्याच की.” आणि टाळ्यांत स्वतःसुद्धा टाळ्या वाजवायला लागली.

ते रेकॉर्डिंग आता तेर, ईट, नळदुर्ग, सगळीकडं फिरतंय. परवा नळदुर्गला ढाब्यावर चहाला थांबलो तर एका ट्रकात तेच लागलेलं. ट्रकवाल्याला मी सांगितलं, हे माझ्या आईचं आहे. तो म्हणाला, “पंचफुला तुमची आई?” मी हो म्हटलं.

माझी आई पंचफुला कवयित्री आहे. तिचं गाणं आता तिच्या नावानं म्हणतात.